पापणीजवळचे पांढरे केस

शिंगरू दिसलं की आबा त्याच्या पापणीजवळून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, "धीर धर भो, रंग येई."

ऐंशीच्या सुमारास शिरपूरजवळच्या एका गावात मी गुरांचा डॉक्टर होतो. आबांकडे एक पांढरा घोडा होता. आसपासचे लोक त्याच्याकडे घोड्या आणायचे. मला काही अडलं की आबा हसायचे, "पुस्तकमा नई का हाई?"

गावच्या बागायतदारांच्या तांबड्या घोडीला त्या घोड्यापासून शिंगरू झालं. काळंकुट्ट. कुत्र्यानं त्याचा डावा कान फाडला, तेव्हा टाके मीच घातले. जवळून पाहिलं, तर पापणीशी चारदोन पांढरे केस.

बागायतदारांनी चावडीवर आबांना बोलावलं. "पांढऱ्या घोड्याचं काळं पिल्लू? म्हाताऱ्यानं आमची घोडी दुसऱ्याच घोड्याला दाखवली."

"मना घोडानंच शे. पांढरं व्हई ते," आबा म्हणाले. "डाक्टरभाऊ, तुम्हीच सांगा."

कॉलेजात आम्ही हेच शिकलो होतो. वयानं पांढरं होणारं शिंगरू जन्मतं गडदच, पापणीचे पांढरे केस ही त्याची पहिली खूण, आणि तो गुण आईबापांपैकी एकाकडून यावाच लागतो. घोडी तांबडी. म्हणजे बाप पांढराच, आणि गावात पांढरा घोडा एकच.

पण माझं घर जळगावला, आणि तिथल्या बदलीसाठी बागायतदारांनी वर शब्द टाकला होता.

"नक्की सांगता येत नाही," मी म्हणालो.

आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि पागोटं नीट केलं, इतकंच. त्यानंतर त्यांच्या दारात कुणी घोडी आणली नाही. दोन महिन्यांत माझी बदली झाली. निघताना ते एसटीपर्यंत आले, माझी वळकटी वर चढवायला.

वरातीतला पांढरा घोडा तुम्हीही पाहिला असेल. सातआठ वर्षांनी धुळ्यात मी एक पाहिला. दुधासारखा. डाव्या कानावर टाक्यांचे वेडेवाकडे व्रण. माझा हात तेव्हाही काही फार चांगला नव्हता. नवरदेव वर बसलेला असताना मी त्या घोड्याच्या पापणीजवळून अंगठा फिरवला. घोडेवाला म्हणाला, "बाजूला व्हा साहेब, लाथ मारेल."

दुसऱ्या दिवशी आबांच्या गावी गेलो. आबा आदल्या उन्हाळ्यात गेले होते. घोड्याच्या जागी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या रचलेल्या. मी त्यांच्या बायकोला, अक्कांना, सगळं सांगितलं.

"आबा म्हनेत, डाक्टरले ठाऊक व्हतं," त्या म्हणाल्या. "पन त्याले घर जानं व्हतं."

मग पऱ्हाट्यांतली एक काढून त्यांनी चुलीत सारली आणि चहा ठेवला.