मुंबई ते नैरोबी, सहा दिवस

अक्का गेली, असा शिरोड्याहून फोन आला तेव्हा मी पुण्यात लेकीकडे होते. अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. लग्न होऊन आले त्या दिवसापासून तिने मला हसवलं, आणि माझ्यावर हसलीही.

आमच्याकडे माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत घराचा केर काढत नाहीत. साठ-एकसष्ट साली हे नोकरीसाठी विमानाने नैरोबीला निघाले, तेव्हा प्रश्न पडला, केर कधी काढायचा? घरातल्या बायकांत सातवी पास मी एकटीच! नकाशावर दोरा लावला, मुंबई ते नैरोबी अठ्ठावीसशे मैल काढले आणि भागले वीसने. कारण मला ठाऊक असलेला वेग एकच, बांद्याला जाणाऱ्या एसटीचा. "सहा दिवस," मी ऐटीत जाहीर केलं.

दुसऱ्याच दिवशी तार आली, सुखरूप पोचलो. विमानाला म्हणे सात तास पुरले. मी शरमेने लाल... आणि तरी रडतच होते. अक्काने उचललेली केरसुणी परत कोपऱ्यात ठेवली. "तो पोचलो. तुजो जीव अजून वाटेर आसा गो. जीव पोचलो काय मगे केर काढूया." माझं गणित चुकलं नव्हतंच बहुधा. सहाव्या दिवशी मी पोटभर जेवले.

वर्षाने मीही गेले. तिथे पोचले, पण ट्रंक उघडवेना. खिडकीशी बसून परत कसं जायचं याचाच विचार. यांनाही कळेना, बायकोला ठेवावं की परत पाठवावं. तेवढ्यात अक्काचं पत्र आलं, तिच्या नवऱ्याच्या, भावोजींच्या अक्षरात, पण बोलणं तिचंच: "इमान पोचला ता कळला. तू पोचलंस काय? तुजी खोली झाडूची रवली आसा."

मी उत्तर लिहिलं नाही. खोटं काय लिहायचं? तीन महिन्यांनी पाण्याच्या नळावरून शेजारणीशी कडकडून भांडले. ती तिच्या भाषेत, मी मालवणीत. शेवटी दोघी हसत सुटलो. परक्या घरी कोणी एवढ्या मोठ्याने भांडतं का? त्याच दुपारी ट्रंक उघडली आणि पत्र टाकलं: "पोचले. केर काढावा." पुढे कळलं, तोवर माझ्या खोलीला तिने खरंच केरसुणी लावली नव्हती. चौदा वर्षं राहिले मी तिथे, सुखाने.

तो फोन आला तशी शिरोड्याला गेले. अक्काच्या खोलीच्या दारात पुतण्याची बायको केरसुणी घेऊन उभी. "काकी, झाडू काय?"

"रव जरा," मी म्हटलं. अक्का केव्हाच पोचली असणार, तिला कुठेच वेळ लागत नसे. वाटेवर होते ती मीच... पण या खेपेला सहा दिवस लागले नाहीत. चौथ्या सकाळी पदर खोचला, खिडक्या उघडल्या आणि सगळी खोली मीच झाडली. अक्का असती तर दारातूनच ओरडली असती, "कोपरे रवले गो!"

रवले होतेच. परत वाकले.