कोरड्या हवेचं शहर

तासगावातले द्राक्षांचे व्यापारी याकूब बागवान बागेत शिरले की आधी आभाळाकडे बघत आणि मग घडाकडे. आमच्या बागेत ते पहिल्यांदा आले तेव्हा माझा एकुलता एक मुलगा मानसिंग शाळेत होता. तेव्हापासून दर फेब्रुवारीत, माल काढायची वेळ झाली की त्यांची सायकल आमच्या बांधाला टेकलेली असायची.

माल काढताना वेळ जावा म्हणून ते सगळ्यांना एकच प्रश्न विचारत. "समद्या जगातलं कुठलंबी एक शहर ऱ्हायला दिलं, तर कुठलं घेशील?"

"मिरज," घड कापता कापता आमच्याकडे कामाला येणारी रंगूबाई म्हणाली.

"अगं, लंडन माग, मक्का माग. मिरज काय मागतीस?"

"लंडनात माजं गुडघं कोण बघतंय? मिरजंत दवाखानं हाईत."

माझे यजमान लालासाहेब फौजेतून परतलेले. ते म्हणाले, "मी लय शहरं बघितली, याकूब. खंदकातनं समदी सारखीच दिसत्यात." मी पुणं म्हटलं, तर याकूबभाईंनी मान हलवली. "पुण्यात ढग लय, वैनी."

त्यांचं स्वतःचं उत्तर ठरलेलं होतं. काबूल.

दिल्लीच्या एका सुक्यामेव्याच्या व्यापाऱ्याबरोबर ते एकाहत्तर साली तिथे गेले आणि मग दर वर्षी पावसाळा सरताना दोन-अडीच महिने जायला लागले. गुलाम हैदर नावाच्या बेदाणेवाल्याच्या घरी उतरायचे. तिथल्या मातीच्या खोल्यांचं वर्णन आम्ही कितीदा ऐकलं असेल. भिंतींना उभ्या फटी, आत काठ्यांवर टांगलेले घड, वारा आरपार फिरतो पण ऊन लागत नाही, म्हणून बेदाणा हिरवागार राहतो. "आन महिनोन् महिने ढग न्हाई, वैनी. माणूस बिनघोर झोपतो."

ज्याने मार्चमध्ये ढग आल्यावर तासगावातली घरं बघितली आहेत, त्यालाच हे कळेल. चूल पेटते, पण जेवण कुणाला जात नाही. पुरुष माणसं दर घटकेला अंगणात येऊन वर बघतात. आमच्याकडे संकट वरून येतं, एवढं लहान मुलालाही ठाऊक असतं. याकूबभाई तर तेवढंच शिकलेले.

एका साली त्यांनी घरामागे तशीच मातीची खोली बांधली. घड टांगले आणि दोन दिवस अवकाळी पाऊस झाला. भिंती ओल्या झाल्या, घडांवर बुरशी चढली, सगळ्या गल्लीला आंबूस वास सुटला. त्यांच्या बायकोने, साबेराने, ते सगळं फावड्याने ओढून बाहेर टाकलं.

"काबूल हितं येत न्हाई," याकूबभाई आम्हाला म्हणाले. "मग आता मीच तिकडं जातो. कायमचा."

"जावा की," साबेरा आतून ओरडली. "तुमची अक्कल तिथंच वाळत घातलीया. ती तेवडी घिऊन या आधी!"

आम्ही हसलो. मानसिंग हसला नाही. तो तेव्हा शेतकी कॉलेजातून पदवी घेऊन आला होता आणि याकूबभाईंकडून फारसी शिकत होता. क्रेट भरताना आकडे मोजायचा तेही फारसीत.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात रेडिओवर बातमी आली की काबूलमध्ये राज्य उलटलं, राष्ट्राध्यक्षांना मारलं. मला वाटलं, आता हे वेड सुटेल. याकूबभाई त्या साली गेले आणि ठरल्या वेळेला परतही आले. "काय न्हाई झालं. बाजार चालू हाय."

यंदा, एकोणऐंशीच्या ऑगस्टमध्ये, मानसिंगचा पासपोर्ट हातात आला. दोघांनी मिळून जायचं, काम शिकायचं, जमलं तर तिथेच राहायचं. याकूबभाई रीतसर परवानगी मागायला आमच्या ओसरीवर येऊन बसले. लालासाहेबांनी होकार भरला. मी चहा ठेवला आणि विचारलं,

"माझा मुलगा ज्या घरात राहणार, त्या घरात कोण कोण असतं?"

"लय माणसं, वैनी. पंगत बसती रोज."

"गेल्या खेपेला कोण होतं?"

ते आठवायला लागले. थोरला मुलगा मास्तर. तो नव्हता. जीप आली होती, काहीतरी विचारायला घेऊन गेले होते. येईल म्हणत होते.

"कधी नेलं होतं?"

"मी जायच्या आधीच. उन्हाळ्यात."

धाकटा सरहद्दीपलीकडे पेशावरला लग्नाला गेलेला. सुना आणि नातवंडं त्याच्याबरोबर.

"लग्न कुणाचं?"

"ते न्हाई विचारलं." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हातारी आई हाय घरात. पर ती बोलत न्हाई आता."

"मग स्वयंपाक कोण करत होतं?"

"हैदरसाब सोता," ते म्हणाले. मग घाईने, जणू मी त्यांच्या मालाला नाव ठेवलं होतं अशा स्वरात म्हणाले, "पर हवा तीच हाय, वैनी. आभाळ तसंच हाय की."

लालासाहेबांनी विडी विझवली. मानसिंग म्हणाला, "आई, तू काय पोलीस आहेस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी याकूबभाई पुन्हा आले. ओसरीवर चढले नाहीत. सायकल धरूनच मानसिंगला म्हणाले, "औंदा तू ऱ्हा गड्या. मी एकटा जाऊन बघून येतो."

"मग तुम्हीही नका जाऊ," मी म्हटलं.

"हैदरसाबांचं मीठ खाल्लंय, वैनी. ते एकटंच हाईत, हे काल तुमी इचारलं तवा माज्या ध्यानात आलं."

दिवाळीला परततो म्हणून गेले. मानसिंग माझ्याशी कितीतरी दिवस बोलला नाही. पण तो घरात होता, ताटावर बसत होता, आणि मला तेवढं पुरत होतं.

दिवाळी झाली. दिल्लीचे व्यापारी म्हणतात, ते तिथे पोचले हे नक्की. पुढचं माहीत नाही. हैदरसाहेबांच्या नावाने केलेल्या तारांना उत्तर नाही. तिथला राज्यकर्ता पुन्हा बदलला, असं मधे रेडिओवर सांगितलं. आता डिसेंबर निम्मा संपला.

गेला महिनाभर साबेरा रोज दुपारी येते आणि ओसरीवर बसते. पूर्वी तिच्या तोंडाला खंड नसायचा. आता भांड्यातलं पाणी पिते, मानसिंगच्या येण्याजाण्याकडे बघते आणि उन्हं उतरली की उठते. मला रोज वाटायचं, आज ती मागेल. काल तिने मागितलं.

"तुला त्यांची बोली येती. तुज्याजवळ पासपोर्ट हाय. माजं दुसरं कोण हाय?"

मानसिंगने माझ्याकडे बघितलंही नाही. "जातो, काकी."

लालासाहेब उठून बागेकडे गेले. मला म्हणता आलं असतं, माझा एकच मुलगा आहे. पण साबेरा माझ्यासमोर बसली होती, आणि तिचा नवरा माझ्या प्रश्नांनंतर एकटा गेला होता. मी आत जाऊन लालासाहेबांचा फौजेतला कोट काढला आणि मानसिंगच्या मापाने बाह्या आखूड करायला घेतल्या.

शनिवारी मिरजेहून गाडी आहे. आज साबेरा निघाली तेव्हा तिला पोचवायला मी बांधापर्यंत गेले. तिने माझा दंड धरला.

"वैनी, त्येला सांगा. घर सापडलं तर एकदम आत जाऊ नको. भाईरनंच हाक मार. आतनं ह्यांचा आवाज आला, तरच जा."

"आणि दुसऱ्याच कुणाचा आला तर?"

साबेराने माझा दंड सोडला आणि ती वाटेला लागली. मी कोट अजून पुरा केलेला नाही.