रिकामी जॉयस्टिक

भुताखेतांच्या गोष्टी मला आवडतात, पण त्या ऐकण्यापुरत्याच. विश्वास म्हणाल तर काडीचा नाही. मी आयटीआयमधून रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केलेली बाई. बंद पडलेली वस्तू उघडायची, मीटर लावायचा, करंट कुठे अडलाय ते शोधायचं... उभा जन्म हेच केलं. आमच्या बिल्डिंगमध्ये एका बाईंच्या अंगात यायचं, तेव्हा मी "त्यांना जरा फॅनखाली बसवा" म्हटलं होतं, तर आई दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. तेव्हा पुढे जे लिहितेय ते एका अशा माणसाने लिहिलंय, एवढं लक्षात ठेवून वाचा.

साल अठ्ठ्याऐंशी. आम्ही लालबागची खोली सोडून नुकतेच कांदिवलीला चारकोपमध्ये राहायला आलो होतो. सेक्टरमधली बैठी घरं, नवा चुना, दारासमोर हातभर मोकळी जागा. मी, आई आणि बाबा. मी बावीस वर्षांची. कांदिवली वेस्टला दिनेशभाईंचं दुकान होतं, तिथे व्हीसीआर आणि व्हिडिओ गेम दिवसाच्या भाड्याने मिळायचे. त्यांची दुरुस्ती माझ्याकडे.

आजच्या मुलांना त्या मशीनचं काय कौतुक वाटणार! पण आम्हाला होतं. दुबईहून आलेला काळा, पसरट डबा. पाठीवर प्लास्टिकच्या पन्हाळ्या, पुढच्या बाजूला लाकडासारखी दिसणारी पट्टी. लाकूड कसलं, छापलेलं प्लास्टिकच ते, पण दिवाणखान्यातल्या टीव्हीशेजारी शोभून दिसायचं. वर चंदेरी बटणं. खाली ओढली की असा भरीव आवाज करायची की काहीतरी मोठं काम सुरू झाल्यासारखं वाटावं. मधल्या फटीत कॅसेट खोचायची. आणि सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे जॉयस्टिक. डाव्या तळहातावर नीट मावणारी चौकोनी डबी, कोपऱ्यात लाल बटण, मधोमध काळ्या रबराची दांडी.

या दांडीची गंमत तिच्या पोटात असते. आत एक छोटा बोर्ड, त्यावर टिकलीएवढे पातळ पत्रे, किंचित फुगीर. दांडी उजवीकडे झुकवली की उजवीकडचा पत्रा दबतो, 'टिक' होतं, आणि पडद्यावरचा चौकोन उजवीकडे पळतो. ती टिक कानापेक्षा बोटांना जास्त कळते. मी तर डोळे मिटून, नुसत्या अंगठ्याने सांगायची की कुठला पत्रा मेलाय. दिनेशभाई गिऱ्हाइकांसमोर माझी जाहिरात करायचे, "सुलभाबेनना मीटर लागतच नाही."

आता बाबांविषयी. बाबा सत्तावीस वर्षं गिरणीत साचेखात्यात होते. साचा म्हणजे कापड विणायचा माग. ते एकटे चार साचे सांभाळायचे. संप झाला, गिरणी बंद पडली, आणि त्यानंतर हळूहळू त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. साचा चालू-बंद करायच्या हँडलवर असायचा तोच हात. डॉक्टर झाले, तेल-मालिश झाली, कुडाळच्या मामाने पाठवलेला पालापाचोळाही झाला. डॉक्टर म्हणाले नसा ठीक आहेत, मग दोष कुठे आहे ते त्यांनाही सांगता येईना. चहाचा कप तोंडापर्यंत जायचाच नाही. आई बशीत थोडा थोडा ओतून त्यांच्या ओठांना लावायची.

बाबांना त्याची भयंकर लाज वाटायची. आधी त्यांनी लोकांसमोर चहा सोडला, मग लोकांत जाणं सोडलं. चारकोपला आल्यापासून तर उंबरा ओलांडला नव्हता. जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. भिंतीकडे तोंड करून बसायचे, उजवा हात डाव्या हाताखाली दाबून. एकदा भांडी घासताना आई एकदम थांबली आणि मला म्हणाली, "सुलू, ह्येंचा काय खरा नाय गो." मी तिला ओरडले. पण मलाही तेच वाटत होतं. माणूस डोळ्यांसमोर विझत होता आणि मला कुठला स्क्रू फिरवायचा ते कळत नव्हतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी एक मशीन घरी आणलं. एका पार्टीची तक्रार होती की ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीवर चित्र हलतं. दुकानात कलर सेट, घरी ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून घरी. सोबत दोन जॉयस्टिक होत्या. एक चालू. दुसरीचा बोर्ड तडकलेला होता, तो काढून मी दुकानातल्या माझ्या पत्र्याच्या डब्यात ठेवला होता. नुसती डबी, दांडी आणि वायर आणली होती, कारण मुलांच्या चिकट हातांनी तिच्यावर कीट चढलं होतं आणि मला ती साबणाने धुवायची होती. वायरची पाचसहा टोकं आत लोंबत होती, प्रत्येकाला मी वेगळी टेप गुंडाळली होती. हे मुद्दाम सांगतेय, लक्षात असू द्या. धुऊन, सुकवून मी तळाचं झाकण परत लावलं, चार स्क्रू पिळले, म्हणजे सुटे भाग हरवायला नकोत.

दसऱ्याच्या सकाळी मी दूध घेऊन आले आणि दारातच थबकले. मशीन पाटावर. त्याच्या लाकडी पट्टीवर हळदकुंकवाची बोटं. फटीत झेंडूचं फूल. रिकामी जॉयस्टिक शेजारी, तिच्या दांडीवर कुंकू. आणि बाबा आंब्याच्या पानाने सगळ्यावर पाणी शिंपडतायत... थरथरत्या हातामुळे शिंपण कसलं, अभिषेकच चाललेला.

"बाबा, अहो काय करताय हे! लोकांची वस्तू आहे. पाणी गेलं ना आत, वाट लागेल तिची."

बाबांनी पान खाली ठेवलं. गिरणी सुटल्यापासूनच्या सहा वर्षांत त्यांनी दसऱ्याला कशाचीच पूजा केली नव्हती. गिरणीत असताना या दिवशी ते पहाटे नवा सदरा घालून जायचे, साच्याला तोरण बांधायचे.

"पूजा केली," ते हळू आवाजात म्हणाले. "आता फिरवूक व्हया."

गिरणीतली रीतच होती ती. पूजा झाली की साचा घटकाभर तरी फिरवायचा, नुसती फुलं वाहून सोडायचा नाही. मी काय केलं? फूल काढून फेकलं, मशीन फडक्याने खसाखसा पुसलं, खिडकीत उन्हात ठेवलं आणि म्हटलं, संध्याकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही. बाबा परत भिंतीकडे वळले. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

दुपारी दिनेशभाईंचा निरोप आला, एका पार्टीची जॉयस्टिक गेलीय, असेल ती घेऊन ये. मी चालू असलेली जॉयस्टिक पिशवीत टाकली आणि गेले.

पाचच्या सुमाराला परत आले तर आई दारात उभी. बोटाने मला गप्प राहायला सांगत होती. आत टीव्ही चालू. बाबा समोर मांडी घालून बसलेले, डाव्या तळहातावर जॉयस्टिक, उजव्या हातात दांडी. पडद्यावर भुलभुलैयाचा खेळ, पण बाबा खेळत नव्हते. शत्रू-बित्रूंकडे त्यांचं लक्षच नव्हतं. वरच्या सरळ गल्लीतून ते आपला पांढरा चौकोन डावीकडून उजवीकडे नेत होते. मग उजवीकडून डावीकडे. परत डावीकडून उजवीकडे. एका लयीत.

"धोटो जातासा बघ," आई माझ्या कानात म्हणाली. धोटा म्हणजे साच्यातली नळी, सूत घेऊन इकडून तिकडे पळणारी. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, कारण तिने माझ्याआधी पाहिलं होतं. बाबांचा हात थरथरत नव्हता.

मी तिथेच खाली बसले. किती वेळ ते सांगता येणार नाही. त्या आनंदात माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. जेवताना, बाबा स्वतःच्या हाताने दुसरी भाकरी मोडत होते तेव्हा, एकदम आलं. चालू जॉयस्टिक तर मी दुकानात देऊन आलेय.

म्हटलं, असेल. गडबडीत बोर्ड बसवून टाकला असेल आपण. सकाळी दुकानात गेल्या गेल्या पत्र्याचा डबा उघडला. तडकलेला बोर्ड आत. डोकं दुखतंय सांगून तशीच घरी आले. बाबा मोरीत दाढी करत होते, स्वतः, किती वर्षांनी. मी जॉयस्टिक उचलली, मशीनला लावली, टीव्ही चालू केला, दांडी हलवली. चौकोन जागचा हलला नाही. दांडी नुसती लुळी, अंगठ्याला टिक नाही. चार स्क्रू काढले, झाकण सैल करून आत पाहिलं. रिकामी डबी. टेप लावलेली टोकं जशीच्या तशी, कोरडी. फटीतून आत गेलेलं चिमूटभर कुंकू. बाकी काही नाही.

तेवढ्यात बाबा आले. "माका दी," म्हणाले आणि माझ्या हातातून ती घेतली. स्क्रू माझ्या मुठीत होते, त्यामुळे झाकण सुटून जमिनीवर पडलं. बाबांनी तिकडे पाहिलं नाही. दांडी उजवीकडे झुकवली.

चौकोन उजवीकडे गेला.

मी वाकून खालून पाहत होते. डबी उघडी, आत माझ्या हाताने टेप लावलेल्या वायरी लोंबतायत, एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. वर बाबांचा हात डावीकडे, चौकोन डावीकडे. हात थांबला की चौकोन थांबतो. म्हणजे मशीन आपलं आपण चालवतंय असंही नाही. ओल असेल, कुंकू करंट नेत असेल... सगळं मनात येऊन गेलं आणि सगळं खोटं होतं, कारण दांडीला लागेल असं काहीच आत नव्हतं. मग मी न राहवून बाबांच्या अंगठ्यावर माझा अंगठा ठेवला.

टिक. टिक. टिक.

स्वच्छ लागत होती. नव्या कोऱ्या बोर्डाची लागते तशी. मी हजारो दांड्या हलवल्यात, इतकी सुरेख टिक आधी कधी लागली नव्हती आणि नंतरही नाही. भीती अजिबात वाटली नाही, याचं मला आजही नवल वाटतं. देवळात गाभाऱ्याशी गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो ना, तसं काहीतरी झालं. मी झाकण उचललं आणि बाजूला ठेवलं. बाबांना काही सांगायचं नाही, एवढंच ठरवलं. कळलं आणि हात परत थरथरायला लागला तर?

आठवडाभर असंच चाललं. रोज तासभर धोटा. मग दिनेशभाईंनी मशीन मागितलं. मला द्यायचं जिवावर आलं, पण बाबाच म्हणाले, "लोकांची वस्तू आसा, पोचवूक व्हयी." आणि चक्क सदरा चढवून, मशीन उजव्या काखेत मारून माझ्याबरोबर निघाले. जॉयस्टिक मात्र त्यांनी घरीच ठेवली. "ही रवांदे तुझ्याकडे. रिकामी आसा."

मी उंबऱ्यातच उभी राहिले. "तुम्हाला माहीत होतं?"

"पयल्याच दिवशी कळला. हातात घेतल्यार हलकी लागली, दांडी लुळी. सत्तावीस वर्षां हँडल धरलंय गो चेडवा, तेवढा कळता माका."

"मग चालायची कशी, बाबा?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काहीतरी वेड्यासारखं बोलले. "पूजा केली होती मा," ते म्हणाले. "पूजा केल्यार फिरवूकच व्हया."

दुकानात दिनेशभाईंनी चहा मागवला. "काका, तुमची मुलगी एकदम झकास कारागीर हां," असं काहीबाही बोलत होते. माझं लक्ष फक्त बाबांसमोरच्या कपाकडे. काठोकाठ भरलेला. बाबांनी तो उजव्या हाताने उचलला, चारचौघांत, आणि सावकाश पिऊन संपवला. बशी कोरडी होती.

त्यानंतर बाबा चौदा वर्षं जगले. हात परत कधी थरथरला नाही. हाताचं एखादा डॉक्टर समजावून देईल, मनाचा खेळ वगैरे, ते मी मान्यही करीन. पण पडद्यावरच्या चौकोनाला मन नव्हतं आणि डबीत बोर्ड नव्हता. याचं उत्तर मला आजतागायत मिळालेलं नाही.

जॉयस्टिक माझ्याकडे आहे, तडकलेला बोर्डही आहे. दर दसऱ्याला दोन्ही पाटावर ठेवते, हळदकुंकू वाहते. पाणीही शिंपडते, हो, मीच. मग रीतीप्रमाणे दांडी एकदा डावीकडून उजवीकडे फिरवते. कशालाच जोडलेली नसते, दांडी लुळीच असते, टिक लागत नाही. तरी अंगठा मी थोडा जास्त वेळ तिथेच ठेवते.