श्रेयाच्या बापाचं उत्पन्न

तुमच्या लेकराची फी भरण्यासाठी तुम्हाला कधी गावासमोर उभं राहून आपण किती गरीब आहोत ते मोठ्यानं सांगावं लागलंय का? नसेल, तर फीसवलतीचं शहाणपण मला शिकवू नका. "सरकार एवढं देतं, तरी ह्यांचं रडगाणं चालूच" असं म्हणणारे मला रोज भेटतात. एकेकाळी मी त्यांच्याशी भांडायचो. आता दमलो. म्हणून श्रेयाची हकीकत लिहून ठेवतो, वाचायची तर वाचा.

श्रेया देवगाव रंगारीची. शहराबाहेरच्या एका खाजगी कॉलेजात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. बाप नानासाहेब, आठ एकरांचा धनी, गावात नाव असलेलं घर. भाऊ शिवराज दोनच महिन्यांपूर्वी शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत कंत्राटावर लागलेला. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी दगा दिला होता. अद्रक खोदायच्या आधीच जमिनीत सुकलं, कपाशी गुडघ्याच्या वर गेली नाही. इकडं शहर मात्र फुगत होतं. जिथं बघावं तिथं प्लॉटिंगचे बोर्ड, आणि प्रत्येक बोर्डावर पाण्याचं कारंजं.

शहरात टीव्ही सेंटर भागात एका खोलीत चार कॉट टाकून घरमालकानं पोरी ठेवल्या होत्या, त्यातली एक कॉट श्रेयाची. नळाला कुलूप. एकीला दिवसाला एक बादली, त्यातच अंघोळ, त्यातच कपडे. जेवणाचा एक डबा दोघींत. "मला संध्याकाळी भूकच नसते," असं ती सगळ्यांना सांगायची. डबेवाल्या मावशीच्या त्या एका डब्यात मात्र दोन पोळ्या जास्त निघायच्या.

माझी तिची ओळख विद्यापीठाच्या रस्त्यावर, मोईनभाईच्या झेरॉक्सच्या दुकानात झाली. मी तिथं पोरांचे फॉर्म भरून देतो. माझं शिक्षण नववी. पण कोणत्या योजनेला कोणता कागद, हे मला एम.ए.वाल्यांपेक्षा जास्त पाठ आहे. पाठ व्हायला किती वेळा हाकलून घेतलंय, ते विचारू नका.

श्रेयाचं काम साधं होतं. घरचं उत्पन्न लाखाच्या आत असेल तर अर्धी फी माफ, अशी तेव्हाची सवलत. त्यासाठी बापाच्या उत्पन्नाचा दाखला लागणार. तो आला की कॉलेज परीक्षेचा फॉर्म घेणार. नाही आला तर पूर्ण फी भरा, नाहीतर घरी बसा.

"भाऊ, एजंटाकडून करू का?" तिनं विचारलं. "पाचशे घेतो. आमच्या खोलीतल्या दोघींनी तसंच केलं. वडलांना कुठं जावंसुद्धा लागत नाही."

माझं डोकं सटकलं. "हक्काचा कागद आहे तो! चोरासारखा कशाला घ्यायचा? वडलांना चावडीत पाठव. ताठ मानेनं जावं आन् ताठ मानेनं घ्यावा."

तिनं फॉर्म घडी करून पिशवीत ठेवला. मला वाटलं, पटलं.

आता चावडीत काय होतं ते ऐका. दाखला तहसीलचा असला तरी आधी तलाठ्याचा अहवाल लागतो. गावात तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेब विचारणार, माणूस सांगणार, ते लिहिणार. बंद खोलीत नाही, दहा जणांसमोर. आणि त्या वर्षी चावडी रिकामी म्हणून नव्हतीच. टँकरच्या खेपा, अनुदानाच्या याद्या, सगळं तिथंच. नानासाहेब चावडीत गेले त्या दिवशी बाकावर शेजारच्या गावचे अप्पाराव बसले होते; दोन्ही गावं एकाच तलाठ्याकडं. त्यांच्या लेकीच्या आणि शिवराजच्या लग्नाचं बोलणं चालू होतं.

पुढचं मला श्रेयाच्या आईनं, द्वारकाबाईंनी सांगितलं.

भाऊसाहेब म्हणाले, "नाना, किती टाकू?"

मागून कोणीतरी म्हणालं, "टाका की तीस हजार. समदे तेच टाकतेत."

नानासाहेबांनी एकदा अप्पारावांकडं बघितलं. "तीस? तेवढं तर आमी सालगड्याला देतो. दीड लाख टाका."

भाऊसाहेबांचं पेन थांबलं. "नाना, पोरीच्या फीसाठीच हाय ना कागद?"

"हाय. म्हणून काय खोटं लिवायचं व्हय?"

खोटं तर तेच होतं. शिवराजचा दोन महिन्यांचा पगार धरून त्या साली घरात साठ हजारसुद्धा आले नव्हते. पण व्याह्यासमोर साठ हजार बोलायला जीभ वळली नाही. बंगलेवाले चाळीस हजार लिहून नेत होते, आणि ज्याच्या विहिरीत गाळ उरला होता तो दीड लाख सांगून घरी आला. चहा पण पाजला म्हणे अप्पारावांना, उधारीवर.

दाखला घेऊन श्रेया दुकानात आली. मोईनभाईनं झेरॉक्सला हात पुढं केला, आकडा वाचला आणि म्हणाला, "अरे वा, ये तो सेठ की बेटी निकली!"

मी त्याच्यावर ओरडलो. श्रेया हसली. दमलेलं माणूस हसतं तसं.

कॉलेजच्या खिडकीवर तिच्या पुढं गाडीची किल्ली बोटावर फिरवणारा एकजण उभा होता. त्याचा दाखला चाळीस हजारांचा. त्याचा फॉर्म शिक्का मारून आत गेला. श्रेयाला कारकून म्हणाला, "मॅडम, तुम्ही बसत नाही सवलतीत. पूर्ण फी आणा. बारा दिवस आहेत."

मी पाच-सहा पोरं घेऊन दारात ठिय्या दिला. दोन तास घोषणा दिल्या. पदरात पडला चहा आणि "शासनाचा निर्णय आहे हो" हे वाक्य. मग श्रेयाला म्हटलं, चल देवगावला. नव्यानं अर्ज करायचा, वडलांनी खरं उत्पन्न सांगायचं, झालं.

एस.टी.त ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. लासूरच्या पुढं आल्यावर एवढंच म्हणाली, "भाऊ, वडलांवर आवाज चढवू नका."

मी चढवलाच.

"एकदा तोंडातून गेलं ते गेलं," नानासाहेब म्हणाले. "आता परत जाऊन काय सांगू? त्या दिवशी मी थापा मारल्या म्हणून?"

"तुमच्या तोंडाची किंमत पोरगी भरतीय, नाना! अर्ध्या डब्यावर राहून भरतीय."

त्यांनी श्रेयाकडं बघितलं. डब्याचं त्यांना माहीत नव्हतं. मला ते बोलायचा काही अधिकार नव्हता, पण बोलून बसलो.

"भाऊ, गप बसा," श्रेया म्हणाली. मग बापाला म्हणाली, "नाना, तुम्ही जाऊ नका. दादाचं ठरू द्या आधी. परीक्षा काय, सहा महिन्यांनी परत येती."

द्वारकाबाई चुलीपुढून उठून आल्या. "परीक्षा परत येती, पण ही पोरगी परत जाईल का नाय कॉलेजात? मागल्या आळीच्या दोघी अशाच 'सहा महिन्यांनी' म्हणून घरी आल्या. दोघींच्या कडेवर लेकरं हायेत आता."

नानासाहेब टोपी घालून बाहेर गेले.

चावडी रिकामी व्हायची वाट बघत ते तीन दिवस घालवून बसले. सकाळी जायचे, दारातून माणसं बघायचे, माघारी यायचे. त्याशिवाय दोन दिवस तर भाऊसाहेबच टँकरच्या कामावर. बारातले पाच दिवस असेच गेले. सहाव्या दिवशी मी परत गेलो. चावडी भरलेली, आणि बाकावर अप्पाराव. ह्या माणसाला दुसरा धंदा नव्हता की काय, देव जाणे. नानासाहेब आत शिरले, टेबलाशी वाकून काहीतरी बोलले.

"कितीक?" भाऊसाहेब म्हणाले. "जोरात बोला की नाना. पंखा वाजतोय."

"साठ हजार."

"साठ? मागं तर दीड लाख..."

"मागं चुकलो," नानासाहेब सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाले. "साठ बी जास्तच सांगतोय. लिवा."

कोणी हसलं नाही. सगळे एकदम जमिनीकडं बघायला लागले. ते हसले असते तर मी एखाद्याची कॉलर तरी धरली असती. नानासाहेबांनी सही केली आणि कोणाकडं न बघता निघून गेले. मी कागदाची प्रत घ्यायला थांबलो, म्हणून पुढचं मला दिसलं. अप्पाराव उठले, टेबलाशी गेले, हळूच म्हणाले, "भाऊसाहेब, माझं बी करून टाका. धाकट्याच्या फीला पायजे. चाळीस टाका."

शिवराजचं लग्न त्याच घरात झालं. पुढच्या उन्हाळ्यात, टँकरच्या पाण्यावर. चावडीतल्या आकड्यांचा उच्चार दोन्ही घरांनी कधी केला नाही.

दाखला मात्र तहसीलमधून निघाला शेवटच्या तारखेनंतर चार दिवसांनी. साहेब दुष्काळी पाहणीच्या दौऱ्यावर होते, सही राहिली होती. म्हणजे दुष्काळाची पाहणी चालली होती म्हणून दुष्काळातल्या पोरीचा कागद अडला. कॉलेजच्या खिडकीतून आवाज आला, "तारीख गेली." ह्या वेळी मी घोषणा दिल्या नाहीत. श्रेयानं कागद प्लास्टिकच्या पिशवीत परत नीट घातला आणि म्हणाली, "चला भाऊ, ऊन लागतंय."

ती गावी गेली नाही. एवढं एक द्वारकाबाईंनी करून दाखवलं. स्वतः येऊन खोलीचं दोन महिन्यांचं भाडं भरून गेल्या, कशातून ते मी विचारलं नाही. पुढच्या फॉर्मला तोच दाखला चालला, आणि सगळे पेपर श्रेयानं उन्हाळ्यात दिले. बरोबरीच्या पोरी पुढच्या वर्गात गेल्या, ही मागं राहिली, एक वर्ष उशिरा पास झाली. आज शेंद्र्याला एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. कंपनीच्या बसनं जाते, खिडकीशी बसून झोपते. नानासाहेब त्यानंतर चावडीची पायरी चढले नाहीत. सातबारा असो की काही, शिवराजला सुट्टी काढून यावं लागतं.

मी अजून त्याच दुकानात फॉर्म भरतो. पोरं एजंटाचं नाव काढतात तेव्हा अजून चिडतो, पण 'ताठ मानेनं जा' असं आता कोणाला सांगत नाही. बापाबरोबर स्वतः जातो.

तुम्हाला पैसे मागत नाही. मोर्चाला या असंही म्हणत नाही. एवढंच करा: चावडीत, तहसीलमध्ये, कॉलेजच्या खिडकीपाशी, कुठंही तुम्ही रिकामे बसलेले असाल आणि एखादा बाप आपलं उत्पन्न सांगायला टेबलाशी उभा राहिला, तर उठा आणि तेवढा वेळ बाहेर जाऊन थांबा.