आमटीत बुडवलेला पापड

कुणी कुरुमकुरुम चावू लागलं की मला तिथून पळून जावंसं वाटतं. म्हणून सासरी पापड वाढले की मी पाणी आणायच्या निमित्तानं उठते. प्रेमानं जेवू घालणाऱ्यांना कसं सांगायचं, की तुमचं खाणं मला ऐकवत नाही?

काल शेजारी बसलेल्या आत्यांनी, म्हणजे नवऱ्याच्या आत्यांनी, पापड आमटीत बुडवला आणि तो पार लिबलिबीत झाल्यावर खाल्ला.

"आत्या, असा काय खाताय?"

"तू दर वेळी उठतेस. तुझा भात गार होतो गं."

मला वाटायचं, या घरात माझेच कान तिखट आहेत.

मी त्यांच्या पानात दुसरा पापड ठेवला. "हा कुरकुरीतच खा," म्हटलं, आणि पाण्याला न उठता बसून राहिले.