गप्पी नसलेलं घर

आमच्या मावसाजींइतका डासांचा वैरी आणि माशांचा सोयरा उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही. आमच्या अकोल्याच्या जठारपेठेतला हा शाळामास्तर कुणाकडेही गेला की रामराम करायच्या आधी पाण्याच्या टाक्यात डोकावायचा. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डासांच्या अळ्या खाणाऱ्या इवल्या मासोळ्यांनी भरलेला कडीचा डबा. बारशाला डबा, सत्यनारायणाला डबा. "सोवळ्याच्या पाण्यात मासे?" म्हणून एकदा एक भटजी कडाडले, तर मावसाजी शांतपणे म्हणाले, "देवाचा पहिला अवतारच पाण्यात सोडून राहिलो नं महाराज!" भटजींनी निमूट झाकण काढलं. मावसाजींची थोरली लेक हिवतापानं गेली होती, म्हणून या वेडाला आम्ही हसायचो ते जपूनच.

अमरावतीला कॉलेजात असताना धामणगावची एक मुलगी माझ्या मनात भरली. घरी सांगायची छाती नव्हती, मावसाजींना सांगितलं. त्यांनी आईच्या कानावर स्थळ घातलं आणि डब्यासकट मुलगी पाहायला गेले. चार दिवसांनी त्यांचं कार्ड आलं : 'मुलगी उत्तम. माणसे सज्जन. परंतु घरात एकही गप्पी नाही. अशा घरात राहणे धोक्याचे.' आमच्या आईच्या तोंडाला खळ म्हणून नसे. तिनं कार्ड दोनदा वाचलं. "असल्या मुक्या घरातली पोरगी आणून मी काय भिंतीसंग बोलू?" म्हणाली आणि त्याच दिवशी नकार धाडला. मी ब्र काढला नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

मावसाजी तिकडूनच गावोगाव मासे सोडत महिन्याभरानं परतले. तोवर मुलीचं दुसरीकडे ठरलं होतं. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ओट्यावर टेकताच म्हणाले, "अरे, आपल्या मासोळ्याइले गप्पी म्हणतात! हिवतापाच्या साहेबानं तिकडंच सांगतलं मले. कार्ड टाकलं अन् मंग त्याइच्या टाक्यात सोडाले गेलो, तं त्या पोरीनं सोताच्या हातानं सोडले. मले विचारे, अकोल्याच्या घरी हायेत का? मी म्हटलं, तूच येऊन पाय नं माय."

आई आत भाजी चिरत होती. तिचा हात थांबला. मी अंगणात निघून गेलो.

नकाराचं कारण आम्ही दोघांनीही त्यांना कधी कळू दिलं नाही. "काहून नाही जमलं रे?" असं ते पुढं कितीतरी वर्षं विचारत आणि मी 'योग नव्हता' म्हणे. आता तेही नाहीत. माझा संसार चांगला झाला, तक्रार नाही. पण एखाद्या संध्याकाळी टाक्याशी उभा राहिलो, की तिला एवढंच कळवावंसं वाटतं : आहेत, पुष्कळ आहेत.