चुंबक, निळी खाच आणि अण्णांचं भाषण

बसा. चहा सांगितलाय, येईल. तोवर माझी एक फजिती ऐकून घ्या. नाहीतर आमच्या शेजारचे सुभेदार ती तुम्हाला सांगणारच आहेत, आणि ते सांगतात तेव्हा मी आहे त्यापेक्षा दुप्पट येडा ठरतो. आपली अब्रू आपल्या हातानं काढलेली बरी, मापात तरी निघते.

तर साताऱ्यात माझं स्टीलच्या भांड्यांचं दुकान. शिक्षण दहावी, तेही गणितानं दया केली म्हणून. पण माल ओळखण्यात माझा कुणी हात धरायचा नाही. ताटाला टिचकी मारली की आवाजावरून जाडी सांगतो. शंका आलीच तर खिशात चुंबक असतंच. चिकटलं तर माल हलका, निसटलं तर माल भारी. साधा हिशेब.

हे चुंबक मला अण्णांनी दिलं. अण्णा म्हणजे माझे वडील. मूळ आटपाडीकडचे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. अण्णांनी हातातली काठी ठेवली, सायकलला भांडी बांधली आणि गावोगावचे बाजार धरले. त्या सायकलीचंच पुढं हे दुकान झालं. माणूस कामाला वाघ, पण बोलायला महाग. मला उभ्या जन्मात ‘बरं केलंस’ एवढंसुद्धा म्हणाले नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांची पंचाहत्तरी झाली. कार्यक्रम सांगलीला, माझ्या धाकट्या बहिणीकडं. आणि काय चमत्कार! अण्णा आपणहून माईक घेऊन उभे राहिले आणि वीस मिनिटं बोलले.

मी कुठं होतो? भटारखान्यात. भात कमी पडला होता. बायको वैशाली माझ्याच शेजारी, काकड्या चोचवत उभी. दोघांच्याही कानावर त्या भाषणातलं अक्षर पडलं नाही, नुसत्या टाळ्या आणि हशा ऐकू आला. बाहेर आलो तर जो तो माझ्या पाठीवर थाप मारतोय. “काय बोलले हो अण्णा तुमच्याबद्दल!” काय बोलले, विचारलं तर हसून पुढं. बहीण म्हणाली, “दादा, ते सांगायचं नसतं, ऐकायचं असतं. व्हिडिओत बघ.”

अण्णा माझ्याकडंच असतात, रोज दुकानात गल्ल्यापाशी बसतात. त्यांनाच विचारलं. ते म्हणाले, “म्हाताऱ्या माणसाचं काय ध्यानात ऱ्हातंय, व्हय.”

आता तुम्हीच सांगा, माझ्या जिवाला चैन कशी पडेल? पन्नाशी उलटलेला माणूस मी, पण बाप आपल्याबद्दल चारचौघांत काय बोलला, हे ऐकायला शाळेतल्या पोरासारखा तळमळत होतो.

शूटिंग केलं होतं शीतलनं. शीतल म्हणजे पुरुष बरं का, सांगलीकडं हे नाव पुरुषांचंही असतं. चांगला चाळिशीचा, पोट सुटलेला गडी. आठ दिवसांपूर्वी त्याचा फोन आला. उद्या महाबळेश्वरला एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग आहे, वाटेत साताऱ्यात नवऱ्यामुलाच्या घरी थोडं काम आहे. अण्णांच्या कार्यक्रमाची त्याच्या ऑफिसातली कॉपी बिघडली होती. आता जे काही होतं ते एका डिस्कमध्ये, आणि तीच डिस्क त्याला त्या संध्याकाळी महाबळेश्वरला मोकळी करून लागणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला त्यानं डिस्क माझ्या हातात ठेवली. पाकिटाएवढी काळी डबी, सोबत केबल. “शेठ, दोन वाजता न्यायला येतो. तोवर तुमच्या कॉम्प्युटरवर समदं उतरवून घ्या. त्यानंतर ह्यातलं काय बी ऱ्हायचं न्हाई बघा.” आणि गेला.

दुकानात बिलासाठी कॉम्प्युटर आहे. त्याचा डबा, म्हणजे सीपीयू, काउंटरखाली. मागच्या बाजूला यूएसबीच्या चार खाचा, दोन काळ्या, दोन निळ्या. पुढं दोन काळ्या. वैशालीनं केबलचं टोक बघितलं आणि सहज म्हणाली, “अहो, ह्याचं तोंड आतून निळं आहे. मागच्या निळ्या खाचेत लावा की.”

मी हसलो. हो, हसलो! म्हणालो, “अगं, रंगाला रंग साडी-ब्लाऊजचा बघतात. कॉम्प्युटरचं तसं नसतं.”

तरी मोबाईलची बॅटरी लावून खाली वाकलो, कारण चौकस स्वभाव. निळ्या खाचेशेजारी त्रिशूळासारखी खूण होती, आणि खुणेला लागून दोन बारीक इंग्रजी अक्षरं. एस एस.

अहो, ही दोन अक्षरं मी तीस वर्षं बघतोय! माझ्या दुकानातल्या निम्म्या मालाच्या बुडाला हीच ठोकलेली असतात. एस एस म्हणजे स्टेनलेस स्टील. आणि स्टीलचा गुण-अवगुण मला कुणी सांगायला नको. स्टील दिसायला देखणं, पण वाहून न्यायला मठ्ठ. पातेल्याच्या बुडाला तांब्याचा थर का देतात? स्टील एकटं उष्णता धड पुढं नेत नाही म्हणून. मग करंट काय नेणार? आणि अण्णांचं भाषण काय नेणार? मी मनात म्हटलं, कंपनीनं इथं पैसे वाचवले. निळा रंग देऊन झाकलंय.

डिस्क मी पुढच्या काळ्या खाचेत लावली. एक पातेलं उपडं घालून त्यावर ती ऐटीत ठेवली. कॉपी सुरू केली.

पडद्यावर आलं, चार तास चाळीस मिनिटं.

घड्याळात सव्वादहा. शीतल येणार दोनला. आता?

नेमके सुभेदार आले. शेजारच्या घरात राहतात, फौजेत सिग्नलमध्ये होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. दुकानात ते रोज पेपर वाचायला येतात आणि गिऱ्हाइकापेक्षा जास्त वेळ बसतात. मी अडचण सांगितली. त्यांनी चष्मा चढवला. “शेठ, घबराना नहीं. लाईनीत फॉल्ट हाय का मशीनीत, ते आदी हुडकायचं.”

मग आमचा तपास सुरू झाला. खरं सांगतो, मजा येत होती. बिलाचं सॉफ्टवेअर बंद केलं, दहा मिनिटं कमी झाली. व्हायरसचा पहारेकरी थोडा वेळ झोपवला, आणखी पाच गेली. ही खाच सोडून दुसऱ्या काळ्या खाचेत लावून बघितलं, फरक नाही. भाषण तेवढं आधी उचलावं म्हटलं, तर आत तीन कॅमेऱ्यांच्या तीनशे फायली, नावं नुसती आकड्यांची. दोन उघडून बघितल्या. एकीत फुगे फुगवणं चाललेलं, दुसरीत मी. भातावर ओरडत होतो.

वैशाली म्हणाली, “शीतलला फोन करून विचारा ना, हळू का चाललंय.”

आता व्यापाऱ्याची जात. गिऱ्हाइकाला आणि कारागिराला आपलं अडलंय हे कळू द्यायचं नाही, हा आमचा पहिला धडा. मी म्हणालो, “तो ड्रायव्हिंगमध्ये असेल.” तो गावातच होता, मला ठाऊक होतं.

तेवढ्यात माझं लक्ष शीतलच्या केबलवर गेलं. तिच्या तोंडावरही तेच त्रिशूळ, तीच दोन अक्षरं. एस एस!

“सुभेदार, चोर सापडला,” मी म्हणालो. “वायर स्टीलची आहे.”

सुभेदारांनी केबल उलटीसुलटी करून बघितली आणि मान हलवली. “फौजेत असली वायर आमी हातात धरत न्हवतो. तिथं समदं तांबं. थांबा.” घरी जाऊन त्यांच्या जुन्या मोबाईलच्या चार्जरची वायर घेऊन आले. वीतभर, टोकाला चिकटपट्टी. पण म्हणे अस्सल तांब्याची. डिस्कची खाच चांगली रुंद होती, वायरचं तोंड लहान. तरी त्या खाचेच्या एका अंगाला ते बरोब्बर बसलं! मला वाटलं, देवच पाठीशी आहे. चालू कॉपी थांबवली, नव्या वायरनं पहिल्यापासून सुरू केली.

सहा तास.

वर दर पंधरा मिनिटांनी डिस्क टुंग असा आवाज करून गायब व्हायची. सुभेदार वायर बोटांनी दाबून धरून बसले, की परत यायची. बारा वाजले, साडेबारा वाजले. सुभेदारांच्या बोटांना मुंग्या आल्या. आता मला कळून चुकलं, की भाषण काही हाताला लागत नाही. बाप एकदाच बोलला, तेव्हा मी भातापाशी होतो. आता दुसऱ्यांदा बोलायला तयार आहे, तर मी वायरपाशी.

शेवटचा उपाय म्हणून खिशातून चुंबक काढलं. काळ्या खाचा तरी खऱ्या तांब्या-पितळेच्या आहेत का, हे एकदा पारखून घ्यावं म्हटलं. मी हात पुढं केला आणि सुभेदारांनी माझं मनगट असं धरलं, जसं सरहद्दीवर धरत असतील.

“आवं शेठ! डिस्कच्या शेजारी चुंबक? समदं पुसून टाकताय व्हय?”

झटापटीत चुंबक हातून सुटलं आणि टक्कन डब्याच्या पत्र्याला चिकटलं. त्याच क्षणी पडद्यावरून डिस्क गायब. मागं गल्ल्यापाशी अण्णा खुर्चीत बसून हे सगळं बघत होते. त्यांनी फक्त मांडी बदलली. सुभेदारांनी वायर दाबली, डिस्क परत आली. वायरच हलली होती. माझा जीव मात्र बराच वेळ परत आला नाही.

एक वाजता शीतल दारात. काम लवकर आटोपलं म्हणाला. उपड्या पातेल्यावरची डिस्क, तिला जोडलेली चिकटपट्टीची वायर, वायर दाबून धरलेले सुभेदार आणि डब्याला चिकटलेलं चुंबक, हे त्यानं क्रमाक्रमानं बघितलं.

“शेठ, ही काय पूजा मांडलीय?”

आता माघार कशी घेणार? उलट मी त्याला सावध केलं. म्हणालो, बाबा रे, तुझी केबल हलक्या मालाची आहे, तुला कुणीतरी फसवलंय. आमच्या कॉम्प्युटरच्या निळ्या खाचाही तसल्याच. मी मुद्दाम टाळल्या.

“कशावरनं म्हणता?”

“लिहिलंय की त्यावर. एस एस. स्टेनलेस स्टील.”

शीतलनं आधी मला बघितलं. मग भिंतीवरच्या फळ्या बघितल्या. पातेली, डबे, पराती, सगळीकडं एस एस. त्याला सगळा उलगडा झाला असावा. भला माणूस, हसला नाही. खाली वाकला, चार्जरची वायर काढून सुभेदारांच्या हातात दिली, स्वतःची केबल डिस्कला लावली आणि तिचं दुसरं टोक मागच्या निळ्या खाचेत घातलं.

“दादा,” तो हळू आवाजात म्हणाला. इतका वेळ शेठ होतो, आता दादा झालो. “इथं एस एस म्हणजे सुपर स्पीड. ह्या निळ्या खाचा काळ्यांपेक्षा कैक पटीनं पळत्यात.”

पडद्यावर आलं, पंचेचाळीस मिनिटं.

सुभेदार म्हणाले, “मला पहिल्यापासनं डाउट होता.”

वैशाली चहा घेऊन आली होती. तिनं कप काउंटरवर ठेवला, वाकून निळ्या तोंडाची केबल निळ्या खाचेत बसलेली बघितली आणि विचारलं, “मॅचिंग झालं का ब्लाऊज?”

दोनच्या ठोक्याला पाच मिनिटं असताना शेवटची फाईल उतरली. शीतलला भाषणाची फाईल माहीत होती. जाता जाता त्यानं ती लावून दिली आणि दोन मिनिटं म्हणून तोही थांबला.

पडद्यावर अण्णा. फेटा बांधलेला, माईक ऊस धरल्यासारखा धरलेला. सायकलचं सांगितलं, बाजारांचं सांगितलं. मग म्हणाले, “आता थोरल्याचं सांगतो.” मी पडद्याजवळ सरकलो.

“माल पारखावा तर थोरल्यानं. मी शिकिवलं, पर माझ्या फुडं गेला. त्येच्या तोंडावर कवा म्हणलो न्हाई, आज म्हणतो.”

सांगायला लाज वाटत नाही, डोळ्यांत पाणी आलं. पण पडद्यावरचे अण्णा थांबले नव्हते.

“पर एक खोड हाय. शिक्का दिसला की वाचतंय, आन् वाचलं की खरं मानतंय. आरं, उसाच्या ट्रॉलीमागं ‘हळू चालवा’ लिवल्यालं असतंय. म्हणून ती हळू चालती व्हय?”

पडद्यावर सगळा मांडव हसला. दुकानात कुणी हसेना. सगळे माझ्याकडं बघत होते. शीतल चपलांकडं बघत होता, पण त्याचं पोट हलत होतं.

अण्णा गल्ल्यापासून उठले. सावकाश आले. डब्याला चिकटलेलं चुंबक ओढून काढलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं. सोडलं. ते टपकन खाली पडलं.

मी म्हटलं, चला, एवढं तरी सिद्ध झालं. “बघितलंत अण्णा? चिकटत नाही. भारी माल.”

अण्णांनी वाकून चुंबक उचललं, पुसलं आणि स्वतःच्या खिशात टाकलं.

“पोकळ असलं तरी बी चिकटत न्हाई, रं.”